वैभवीचं बाशिंग

इतवारीतल्या त्या गल्लीत बाशिंग म्हटलं की रुपरावांचं घर आणि तिथलंच दुकान. पुठ्ठा कापायचा रुपरावांनी. बेगड, आरसे, मोती लावायचे सुनेनं, कामिनीनं. तिनं बसवलेला तुरा असा पक्का, की वरातीत नवरदेवाचा घोडा कितीही नाचो, जागचा हलायचा नाही.

पण तिचा नवरा, जितेंद्र, गेला आणि घरानं नवा नेम काढला. बाशिंग सगळं कामिनीनं करायचं. मागची लाल दोऱ्याची शेवटची गाठ तेवढी सवाष्णीनं, म्हणजे सासूबाई प्रेमिलाबाईंनी मारायची. का, तर विधवेच्या हाताचा अपशकुन नको. बोटं सोलून निघायची त्या कामाला अपशकुन नव्हता, गाठीला मात्र होता! पदरात पोर होती, म्हणून कामिनीनं तो अपमान गिळला.

आता त्याच पोरीचं, वैभवीचं लग्न ठरलं. मिहानातल्या कंपनीत नोकरी करणाऱ्या वैभवीनं बजावलं, "बाशिंग आईच्याच हातचं बांधीन." कामिनीनं त्यात जीव ओतला. शेवटी लाल दोरा ओवला, आणि सवयीनं प्रेमिलाबाईंनी हात पुढे केला.

कामिनीनं बाशिंग मांडीवर ओढून घेतलं. "याची गाठ मीच मारीन, आई."

"येडी झाली काय वं? पोरीच्या संसाराशी खेळून राहिली तू!"

"याच हातानं पोसून मोठी केली, तवा चाललं. आता काहून नाही चालत?"

"अन् माह्या नातीचं वाईट झालं तं?"

कामिनीचं डोकं सणकलं. "माह्या लग्नातल्या बाशिंगाची गाठ कोनं मारली होती, आई? तुमीच मारली. सवाष्णीच्या हातानं. वाचले काय थे?"

रुपरावांची कात्री थांबली. प्रेमिलाबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. जितेंद्र त्यांचाही लेक होता. कामिनीला त्यांची दया आली, पण बोलल्याचा पश्चात्ताप काही झाला नाही. तिनं दोरा ताणला आणि गाठ मारली.

प्रेमिलाबाईंनी डोळे पुसले, बाशिंग उलटं करून गाठ ओढून पाहिली. गाठ पक्की होती.

"दुकानातल्या बाशिंगायच्या गाठीबी आता तूच मार," त्या म्हणाल्या. "कोनी विचारलं तं सांगीन, म्याच मारल्या."

"काहून?" कामिनीनं पुढचं बाशिंग उचललं. "माहंच नाव सांगा."