वाटेवरची कामं

माझे बाबा पोस्टमन होते आणि आई अंगणवाडीत शिकवायची. दोघंही निवृत्त झाली, त्याच्या पुढच्या वर्षी मी पुण्यातली भाड्याची खोली सोडून गावी आले. आमचं गाव रत्नागिरीपासून आत, स्कूटरने तासाभराच्या वाटेवर. कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली होती आणि माझं काम असं होतं, की ते पडवीत बसूनही करता येत होतं. मी व्हिडिओ गेम लिहिते.

हे काम नेमकं काय, ते गावात कुणाला सांगता येत नसे. "कॉम्प्युटरचं काहीतरी करते," एवढं आई सांगायची आणि विषय बदलायची.

त्या वेळी आम्ही बनवत होतो तो खेळ एका खाडीकाठच्या मुलीचा होता. तिचे वडील नाव घेऊन नदीत वर गेलेले असतात, परत आलेले नसतात. मुलगी दुसरी नाव घेऊन त्यांना शोधायला निघते. ही मुख्य गोष्ट. तिच्या वाटेवर काठाकाठाने गावं लागतात आणि तिथली माणसं तिला कामं सांगतात. कुणाची शेळी हरवलेली असते, कुणाला पलीकडच्या गावी निरोप द्यायचा असतो. ही कामं केली तर केली, नाही केली तरी गोष्ट पुढे जाते. आमच्या धंद्यात त्याला साइड क्वेस्ट म्हणतात. अशी चाळीसेक कामं मी लिहिली होती. दीड वर्ष त्यात गेलं होतं आणि त्यातला एकेक माणूस मला तोंडपाठ होता.

अडचण एवढीच, की खेळ काही जमत नव्हता. पुण्यात ज्यांना खेळायला बसवलं त्यातली अर्धी माणसं कुणाकडे न बघता सरळ नदी चढून जायची. उरलेली शेळ्या शोधत फिरायची आणि मुलगी घरातून कशासाठी निघाली होती तेच विसरायची. आमच्या प्रमुख बाई फार बोलत नसत. त्या म्हणाल्या, "तुझी कामं गोष्टीला ओढतायत, नाहीतर गोष्ट तुझ्या कामांना चिरडतेय. दिवाळीआधी तोल सापडला तर ठेवू, नाहीतर निम्मी काढून टाकू."

मी घाबरले. मग विचार केला, ज्यांनी जन्मात गेम खेळलेला नाही अशी दोन माणसं घरातच आहेत. खेळाची कच्ची प्रत मी टीव्हीला जोडली. मराठी संवाद मीच लिहिलेले होते, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती.

पहिले बाबा बसले. बटणांवर बोटं बसायला त्यांना दोन दिवस लागले. नाव सारखी काठावर आपटायची आणि आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय पाडलंत?" तिसऱ्या दिवशी मात्र ते निघाले ते निघालेच. काठावरून एक म्हातारी हाक मारते, "पोरी, जरा थांब गो." बाबांनी मान वळवली नाही.

"बाबा, ती हाक मारतेय तुम्हाला."

"मारू दे. हिचा बाप जिवंत हाय का नाय त्याचा पत्ता नाय, आणि ही बाई म्हणणार माझी शेळी बघ. मना नाय पटत."

"शेळी आहे हे तुम्हाला काय माहीत?"

"नायतर कोंबडी असेल."

पाच दुपारींत बाबांनी खेळ संपवला. बाप सापडला, बाबांना बरं वाटलं, त्यांनी चष्मा पुसला आणि ते गुरांना पाणी दाखवायला गेले. माझ्या चाळीस कामांतलं एकही त्यांनी केलं नव्हतं. मला राग आला, पण चूक त्यांची नव्हती. नदीच्या प्रत्येक वळणावर "उशीर होतोय, उशीर होतोय" असं त्या मुलीच्या तोंडी मीच घातलं होतं. बाबांनी ते खरं मानलं होतं.

मग आई बसली. आईचा प्रकार उलटा. पहिल्या गावात एकंदर सहा घरं होती आणि तीन आठवडे झाले तरी ती त्या सहा घरांतून बाहेर पडली नाही. एका घरात खोकणारी मुलगी होती, तिच्यासाठी पाला आणून दिला. एका विहिरीचा रहाट मोडला होता, तो दुरुस्त करून दिला. कामं संपल्यावरही ती रोज दुपारी घरोघर जाऊन उभी राहायची. माणसं तेच तेच बोलायची, तरी आई ऐकायची.

"आई, हिचे बाबा हरवलेत. त्यांना शोधायला जायचंय ना?"

"ते काय आजच हरवलेत? त्या पोरीचा खोकला अजून गेला नाय."

"खोकला जाणारच नाही आई. तिचा आवाजच तसा भरलाय."

आई माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू तो खोकला मीच त्या पोरीला दिला. एका अर्थाने ते खरंही होतं.

म्हणजे पुण्यातली दोन्ही टोकं माझ्या घरात एका पंगतीला बसून जेवत होती आणि तोल मात्र सापडत नव्हता.

भातकापणीच्या दिवसांत कंपनीची मोठी बैठक ठरली. संध्याकाळी पाच वाजता, सगळ्यांसमोर मला माझी बाजू मांडायची होती. सकाळीच गावातलं नेट गेलं. टॉवरचं काहीतरी बिघडलं होतं आणि तो कधी सुरू होईल ते कुणालाच माहीत नव्हतं. रत्नागिरीत माझ्या मावशीकडे वाय-फाय होतं. बाबा म्हणाले, "चल, मी सोडतो." दोन वाजता आम्ही स्कूटरवरून निघालो. लॅपटॉप माझ्या मांडीवर, पोटाशी धरलेला.

गावाची वेस ओलांडत नाही तोच बाबा थांबले. एक आजी कवाडीत उभ्या होत्या. तीस वर्षं बाबांनी त्यांच्या मुलाची मुंबईहून आलेली पत्रं त्यांना वाचून दाखवली होती. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या हव्या होत्या. बाबांनी रिकामं पाकीट घेऊन खिशात ठेवलं. "येताना आणतो. संध्याकाळची गोळी हाय ना आज?" त्या म्हणाल्या, "हाय." बाबांनी स्कूटर सुरू केली.

पुढे सड्यावर, कातळाच्या माळावर, एक गडी गवताच्या भाऱ्याशी झटत होता. बाबांनी उतरून हात लावला, भारा डोक्यावर चढवून दिला. त्याच्या पुढच्या वाडीत एका काकूंनी आम्हाला अडवून भलंमोठं तवसं माझ्या हातात दिलं. शहरात दिलेल्या त्यांच्या लेकीचं घर मावशीच्याच गल्लीत होतं, तिला द्यायचं होतं. आता मांडीवर लॅपटॉप आणि त्यावर हातभर लांबीची काकडी. मी घड्याळ बघितलं. पावणेतीन.

"बाबा, बैठक आहे."

"माहित्ये."

एका फाट्यावर बाबांचे जुने ओळखीचे एक गुरुजी उभे होते. मोजणीवाले येऊन गेले होते आणि बांध नेमका कुठे धरलाय ते बाबांनी येऊन बघावं, असं त्यांचं म्हणणं होतं. शेत फाट्यापासून आत, उतारावर. मला वाटलं, संपलं आता. बाबा म्हणाले, "आज पोरीचं काम हाय. उद्या सकाळी चहालाच येतो." गुरुजी म्हणाले, "मग वयनीला पण घेऊन या." एवढ्यावर ते खुशीत मागे वळले.

 थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, "बाबा, खेळात तुम्ही एकासाठीही थांबला नाहीत. इथे चार ठिकाणी थांबलात."

"तिथं कोण ओळखीचं होतं?"

स्कूटरच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही, पुन्हा विचारावं लागलं. बाबांनी वेग कमी केला.

"ती म्हातारी एकदम काठावर येते आणि काम सांगते. कोण, कुठली, काय ठाऊक नाय. इथं मना म्हाईत हाय कुणाचं काम आज झालं पायजे, कुणाचं उद्या चालेल. आणि तुजी बैठक पाचला हाय हे पण म्हाईत हाय. त्या तुझ्या पोरीला नुसतं 'उशीर, उशीर'. किती उशीर ते नाय सांगत. मग माणूस घाबरून धावतो."

"पोस्टात असताना असंच करायचात?"

"टपाल पयलं. पण टपाल घेऊन ज्या वाटेनं जायचं, त्या वाटेवरचं काम करायला काय जातं? वाट सोडायची नाय, एवढंच."

चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही मावशीच्या दारात होतो. तवसंही पोचलं होतं. बाबा गोळ्या आणायला निघून गेले आणि मी पाट घेऊन वही उघडली. बैठकीसाठी आठवडाभर तयार केलेलं भाषण मी बाजूला ठेवलं आणि चाळीस मिनिटांत दुसरंच लिहून काढलं.

बैठकीत मी जे मांडलं ते साधं होतं. नायिकेचं "उशीर होतोय" काढून टाकायचं. वडील उगमाजवळ अडकलेत, पाऊस लागेपर्यंत पोचायचं आहे, हे सुरुवातीलाच सांगायचं, म्हणजे खेळणाऱ्याला आपल्या हातात किती वेळ आहे ते कळेल. कुणीही पहिल्याच भेटीत काम सांगायचं नाही. आधी दोनदा-तीनदा नुसतं भेटायचं, विचारपूस करायची. आणि आडवाटेची सगळी कामं एक तर नदीकाठी आणायची, नाहीतर काढायची.

"म्हणजे तुझी किती जातील?" प्रमुख बाईंनी विचारलं.

मी मोजलेलं नव्हतं. मोजलं तर चौदा निघाली. त्यात डोंगरावर एकटा राहून विहीर खणणाऱ्या माणसाचं काम होतं, ते माझं सगळ्यात आवडतं. मी म्हटलं, "चौदा."  बाई म्हणाल्या, "स्वतःची चौदा कामं काढायला तयार असलेला लेखक मला पहिल्यांदाच भेटतोय. कर."

परतताना आजींना गोळ्या दिल्या. त्यांनी आम्हाला आत बोलावून घावणे खायला घातले.

पुढचे तीन महिने मी सगळं नव्याने लिहिलं. आई अधूनमधून मागे उभी राहून वाचायची. विहीर खणणाऱ्याला मी काढलंय हे कळल्यावर ती दोन दिवस माझ्याशी तुटक वागली. "तो एकटा माणूस. त्याला कुणी नाय म्हणून काढलास होय?" शेवटी मी त्याला डोंगरावरून खाली आणून नदीच्या वळणावर बसवलं. तिथे विहीर खणायला तसं कारण नव्हतं, नदीच समोर होती. म्हणून मी तो विहिरीऐवजी नावा लागायला धक्का बांधतोय असं केलं, आणि तो आधीपेक्षा चांगला झाला.

पहिल्या गावातल्या माणसांसाठीही मी काही ओळी वाढवल्या, त्या खास आईसारख्यांसाठी. कामं संपल्यावर ती माणसं आपण होऊन विचारायची, "बाय, अजून निघाली नाहीस? बाबा वाट बघत असतील." आईने हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती दुखावली. "घालवून देतायत मला," म्हणाली. पण त्या दुपारी ती निघाली. नावेत बसताना तिने पदर खोचला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बाबाही पुन्हा पहिल्यापासून खेळले. काठावरची ती म्हातारी आता आधी दोन वळणांवर नुसती हात करायची, एकदा "जेवलीस का" विचारायची. त्यानंतर तिने हाक मारली तेव्हा बाबांनी न बोलता नाव वळवली. शेळी सापडायला त्यांना अख्खी दुपार लागली.  मी न विचारताच ते म्हणाले, "पाऊस लागायला अवकाश हाय अजून."

खेळ बाहेर पडला आणि लोकांना आवडला. प्रमुख बाईंनी फोन करून सांगितलं, की माणसं गोष्टही पुरी करतायत आणि काठावरही थांबतायत. मी आईबाबांना भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं, सुरूच्या सावलीत बसून आम्ही भेळ खाल्ली. आईने येणाऱ्याजाणाऱ्या दोन बायकांना सांगितलं, "माझी मुलगी व्हिडिओ गेम लिहिते."

त्यानंतर आठवड्याने आईने उगमापर्यंत जाऊन बाप शोधला. खेळ तिथे संपतो, पण तुम्ही हवं तर पुढेही नाव चालवत राहू शकता. आईने लगेच नाव उलटी वळवली आणि सगळी नदी उतरून पहिल्या गावात गेली. थोड्या वेळाने तिने मला बोलावलं. तिचा चेहरा पडला होता.

"आम्ही बापाला घेऊन आलो, आणि कुणी विचारलंच नाय. ती खोकणारी अजून तेच बोलत्ये."

हे मला सुचलंच नव्हतं. कुणी परत येईल असं गृहीतच धरलं नव्हतं. मी बाईंना फोन केला, त्यांनी सुधारित आवृत्तीसाठी महिनाभर दिला. बाप परतल्यावरचे सगळे संवाद मग आम्ही तिघांनी मिळून केले. मी पडवीत लॅपटॉप घेऊन, आई तांदूळ निवडत, बाबा झोपाळ्यावर. कोण काय विचारेल यावरून दोघांची रोज वादावादी व्हायची. आईच्या मते सगळ्यांनी आधी बापाच्या तब्येतीची चौकशी केली पाहिजे. बाबांचं म्हणणं, धक्का बांधणारा माणूस तब्येत विचारणार नाही.

"मग काय विचारेल?" मी म्हटलं.

बाबांनी झोपाळा थांबवून विचार केला. "तो म्हणेल, नाव धक्क्याला नीट लागली का?"

आईने सूप खाली ठेवलं. "हां," ती म्हणाली, "ते लिही."