गॅलरीतला निळा टॉवेल

ठाण्यात खोपटमधलं माझं वन रूम किचन रिकामं होतं, आणि मी त्या बाईंना ते भाड्यानं गेलंय असं सांगितलं. चूक इथूनच सुरू झाली.

त्यांची चाळ धोकादायक ठरवून खाली केली होती. माणसांची सोय तात्पुरती आमच्या बिल्डिंगसमोरच्या बंद शाळेत झालेली. पुढचं भाडं सरकारकडून मिळणार होतं, पण महिन्याभरात कुणाशी तरी भाडेकरार करून कागद दाखवला तरच. बाई शाळकरी मुलीला घेऊन आल्या. खाडीकाठच्या कोळी, बाजारात मासळी विकायच्या. सरकारी पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं.

"दादा, आम्ही घरात मासळी साफ पण करणार नाय," मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या.

शेजारच्या काकूंनी मला आधीच बजावलं होतं, "सरकारी भाड्यावरची माणसं एकदा शिरली की निघत नाहीत. आणि तुम्ही राहणार डोंबिवलीत. इथे नाक आमचं आहे!"

मी बाईंना म्हणालो, "कालच दिलं हो दुसऱ्यांना."

शाळेतून माझी गॅलरी सरळ दिसायची. म्हणून दुसऱ्या दिवशी येऊन मी दोरीवर एक निळा टॉवेल वाळत घातला, दाराबाहेर जुन्या चपला ठेवल्या आणि आत दिवा चालू ठेवून निघालो.

पंधरा दिवसांनी काकू जिन्यात भेटल्या. "भाडेकरू चांगले मिळाले हो. दिसत नाहीत कधी. मुलगी पाढे म्हणते तेवढंच."

मी घाईनं आत गेलो. फरशीवरच्या धुळीत फक्त माझीच पावलं होती. स्वयंपाकघरातून भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग मुलीचा आवाज, तेराचा पाढा. 'तेरा साते'ला ती अडली. मी खिडकी उघडली. आवाज समोरच्या शाळेतून येत होता, आमच्या भिंतींवर आदळून घुमत होता. हायसं वाटलं. मी खिडकी लावून घेतली.

मुदत संपली. करार नाही, म्हणून त्यांना भाडं मिळालं नाही. मायलेकी शहाडला बाईंच्या बहिणीच्या खोलीत राहायला गेल्या, मुलीची ठाण्यातली शाळा सुटली. सगळे गेल्यावर समोरच्या इमारतीला पुन्हा कुलूप लागलं.

मग मी टॉवेल काढायला गेलो. भर दुपारची वेळ. टॉवेल हाताला ओला लागला. आतून पाढा ऐकू आला. मी समोर पाहिलं. शाळेच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. आवाज 'तेरा साते'ला थांबला. थांबूनच राहिला, कुणीतरी सांगावं म्हणून.

"एक्क्याण्णव," मी पुटपुटलो.

"तेरा आठे," आवाज पुढे सरकला.

टॉवेल तिथेच टाकून मी खाली उतरलो. मासळीबाजारात पत्ता विचारला आणि तसाच शहाडला गेलो. बाई दारातच सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"ताई, घर रिकामं होतं. टॉवेल माझाच होता."

"ठाऊक होतं. रोज एकच टॉवेल, त्याच जागी. पोर विचारायची, आई, त्यांच्यात कोण अंघोळ करत नाय काय?"

आत, भिंतीला टेकून बसलेली मुलगी माझ्याकडे बघत होती. मी हात जोडले.

"तुम्ही कोळी, त्यात सरकारी भाड्यावरच्या, म्हणून मी घर नाकारलं. वर खोटं बोललो. चुकलो मी. तुम्ही मला माफ करा. आणि बाळ, तूही."