बिल्ला माझा, किरण मामांचे

शुक्रवार पेठेतल्या त्या एक्स-रे दवाखान्यात मला नोकरी मिळाली ती हुशारीवर नव्हे, सर्टिफिकेटवर. सत्तरच्या दशकातली गोष्ट. यंत्राला परवाना हवा आणि ते चालवणारा माणूस परीक्षा पास झालेला हवा, असा नियम वरून आला होता. डॉक्टरांनी माझं सर्टिफिकेट काचेत बसवून भिंतीवर टांगलं, खाली मला खुर्ची दिली आणि सांगितलं, "बाई, तुम्ही फक्त रजिस्टर लिहा. आत मामा आहेत."

मामा म्हणजे अठरा वर्षं तिथं एक्स-रे काढणारा माणूस. घर विणकराचं, घरातलं बोलणं तेलुगू, शिक्षण चौथी. माढ्या-करमाळ्याकडून मोडके हातपाय यायचे, गिरणीतली खोकणारी छाती यायची. मामा नुसत्या नजरेनं अंगाची जाडी ओळखून यंत्राचे आकडे लावायचे. उन्हाळ्यात डार्करूममधलं औषध तापून फिल्मवरचा लेप सुटायचा, तेव्हा बर्फाची लादी आणून टबाखाली ठेवायची अक्कल त्यांचीच. मी पहिल्या आठवड्यात हौसेनं एक छाती काढली. ती तव्याच्या बुडासारखी काळी आली. मामांनी दुसरी काढून दिली, आणि रजिस्टरात सही मी केली.

कायद्याच्या हिशेबी मात्र मामा नव्हतेच. मी होते. त्यामुळे दर तीन महिन्यांनी पोस्टानं येणारा बिल्ला माझ्या नावाचा यायचा. छातीवर लावायचा, आत फिल्मचा तुकडा. जितके किरण अंगावर पडतील तितका तो काळा पडणार. मुदत संपली की परत पाठवायचा, मग तिकडून रिपोर्ट. कल्पना चांगली होती, पण कल्पनेचं काय करायचं ते आपल्याकडे डॉक्टर ठरवतात. आमचा बिल्ला टेबलाच्या खणात राहायचा. गावात बाकीच्यांकडेही हीच रीत, असं ते अभिमानानं सांगत. खणात किरण येत नाहीत, रिपोर्ट स्वच्छ येतो, परवान्याला धक्का नाही. थर्मामीटर उशीखाली ठेवून ताप नाही म्हणणाऱ्या पोराला आपण दोन धपाटे देतो. आमच्या डॉक्टरांना क्लबात किरणांपासूनच्या सुरक्षिततेवर भाषण करायला बोलावत, आणि हे शाल घेऊन येत.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी भिंतीवरची माझ्या सर्टिफिकेटची चौकट पाहिली, खुंटीवरचा शिशाचा एप्रन पाहिला. एप्रनला एक सुरकुती नव्हती, कारण तो खराब होऊ नये म्हणून एरवी कुलपात असे. साहेबांनी चहा घेतला, शेंगाचटणीची पुडी घेतली, सही केली. आत त्याच वेळी मामा एका रडणाऱ्या पोराला दोन्ही हातांनी धरून उभे होते. साहेबांनी विचारलं, "हे कोण?" डॉक्टर म्हणाले, "पेशंटचे नातेवाईक."

मामांच्या बोटांची नखं काळी पडून चिरली होती. कातडी सुकलेली, मधूनमधून चामखिळीसारखे फोड. डॉक्टर म्हणत, डार्करूमच्या औषधानं होतं, आणि खरजेचं मलम देत. एका दुपारी मामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"बाई, मागावर तुटल्याला धागा जोडायची गाठ बी आता बसंना मला. ह्ये औषधानं हाय का किरणानं, तेवडं कळाय पायजे. तुमचा बिल्ला एकडाव मला लावू द्या की."

मला भीती वाटली, ती नोकरीची. तरी हो म्हटलं. तीन महिने मामांनी तो बिल्ला सदऱ्याच्या आतल्या बाजूला टाचून वापरला. डॉक्टरांना पत्ता लागला नाही, कारण खण उघडून पाहायचे कष्ट त्यांनी कधी घेतले नव्हते.

रिपोर्ट आला आणि दवाखान्यात आकाश कोसळलं. बाईंना मर्यादेच्या कितीतरी पट किरण लागले आहेत, बाईंना ताबडतोब त्या कामावरून दूर करावं, रक्त तपासावं, विश्रांती द्यावी. डॉक्टर लालबुंद झाले. मी खरं सांगितलं. ते ऐकून त्यांचा चेहरा हळूहळू निवळला, तो मी आजवर विसरलेले नाही. सुटका झाल्याचा चेहरा होता तो.

"म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही. छान. तुम्ही पगारी रजेवर जा. आम्ही वरच्या ऑफिसला कळवू, कारवाई केली म्हणून. आणि हे बाहेर बोललात तर आधी तुमचं सर्टिफिकेट जाईल. बिल्ला दुसऱ्याला देणं गुन्हा आहे, बाई."

"आणि मामा?"

"मामांचं काय? त्यांच्याबद्दल पत्रात काही आहे का?"

नव्हतं. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, तसं माझं रक्त तपासलं गेलं. ते उत्तम निघालं. त्या वरच्या ऑफिसला मला एक चिठ्ठी पाठवायची होती: बिल्ल्यामागे माणूस दुसरा होता, त्याची बोटं पाहा. मी दोनदा लिहायला बसले आणि दोन्हीदा उठले. डॉक्टरांना नावं ठेवायचा अधिकार मी तिथंच गमावला, तरी ठेवतेच आहे.

रजेच्या पहिल्या रविवारी मामा घरी आले. मी रिपोर्टचं पत्र वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. किरणच होते, औषध नव्हे.

"मला वाटलंच हुतं," ते म्हणाले. त्यांनी कागद हातात घेऊन वरखाली पाहिला. "माझं नाव न्हाय की ह्यात."

"नाही."

"मग सोमवारी हायच मी. तितं दुसरं कोन हाय?" मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, मलाच समजूत घालावी तसं म्हणाले, "तुमी जीवाला लावून घिऊ नका, बाई. माज्या वाटचा बी इसावा घ्या."

मी तीन महिने घेतला.