ब्रिंग अपचे दोन अर्थ

नव्वदच्या दशकात मी दहावीला होते. आम्हाला इंग्रजी शिकवायला नवे सर आले होते. ते एकच क्रियापद घेऊन अख्खा तास घालवायचे. एका सकाळी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ब्रिंग अप.

"शब्दाला शब्द लावाल तर 'वर आणणं' होईल," ते म्हणाले. "विहिरीतून बादली वर आणली, तिथं चालेल. पण पोराला ब्रिंग अप केलं म्हणजे लहानाचं मोठं केलं, वाढवलं. रेझ म्हणा, रिअर म्हणा. रिअर मात्र जास्त करून गुरांना, कोंबड्यांना वापरतात."

पोरं हसली. मग सरांनी वाक्य सांगितलं, शी वॉज ब्रॉट अप बाय हर आन्ट. तिला तिच्या काकूनं वाढवलं.

निम्मा वर्ग वळून माझ्याकडं बघायला लागला. सरांना माहीत नव्हतं, पण मंचरजवळच्या आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. मी तान्ही असताना आई गेली. वडील दुसरं लग्न करून कल्याणला राहिले आणि मी थोरल्या चुलत्यांकडं, काकूच्या हाताखाली वाढले.

सर पुढं बोलतच होते. ब्रिंग अपचा आणखी एक अर्थ, विषय काढणं. डोन्ट ब्रिंग इट अप, म्हणजे तो विषय काढू नको. मेन्शनही चालेल.

आमच्या घरात आईचा विषय कुणी काढत नसे. तिचा फोटो नव्हता. ती मढची होती, एवढंच मला माहीत. आजोळ होतं, पण मी तिकडं कधी गेले नव्हते आणि तिकडून कुणी आलं नव्हतं. लहानपणी एकदा विचारलं तेव्हा काकू उठून गोठ्यात गेली होती. त्यानंतर मी गप्प राहायला शिकले.

त्या दुपारी मात्र गप्प राहवेना. काकू कांदाचाळीत नासका कांदा वेगळा काढत बसली होती. मीही तिच्याजवळ बसून कांदे निवडायला लागले.

"काकू, माझी आई कशी व्हती?"

तिचा हात थांबला. "कुनी काय बोललं का तुला?"

"न्हाई. मीच इचारते."

ती बराच वेळ कांद्याची साल सोलत राहिली. नको तेवढी सोलली. मग म्हणाली, "हसायची लई. तोंडाला पदर लावून हसायची. कांदा चिरताना डोळ्यांतनं धारा, तरी हसायची. म्हनायची, आमच्या मढाला भात, हितं नुसता कांदा." आणि एवढं झाल्यावर तिला थांबता येईना.

काकूला एक मुलगा झाला होता. ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्याहून थोडा मोठा. जुलाबानं गेला.

"दूध उतरायचं अन् प्यायला कुनी न्हाई," काकू म्हणाली. "ताप भरला. भिताडाकडं तोंड करून पडले व्हते. तुझी आई आली अन् तुला माझ्या मांडीवर ठिवलं. म्हनाली, बाई, हिला घ्या, माझ्याच्यानं पुरं पडत न्हाई. खोटं बोलली. तिला रगड दूध व्हतं."

मी हातातला कांदा खाली ठेवला.

"मग पावसाळ्यात तिला कावीळ झाली. दवाखान्यात नेली, पन परत आली न्हाई. लोक म्हनाले, हिनं आधी पोरगी घेतली, मग आईला खाल्लं. मढाची मानसं दहाव्याला आली, त्यांच्याबी कानावर गेलं. तवापासनं त्यांनी पाय टाकला न्हाई. मी तरी कुठल्या तोंडानं तिचं नाव काढू?"

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिच्या अंगाला कांद्याचा वास येत होता. ती रडली नाही, मीच रडले.

परीक्षा झाल्यावर मी हट्ट धरला आणि आम्ही दोघी मढला गेलो. आळेफाट्याला कल्याणची एसटी धरली. काकूनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पिंपळगावचं धरण मागं पडल्यावर तिनं माझा हात धरला.

दारात आईची बहीण उभी होती. "कोन पावनं?"

काकूनं मला पुढं केलं. "ही तुमच्या भैनीची लेक. मी तिची थोरली जाऊ."

मावशी हलली नाही. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "आमची आई लई वाट बघायची गं. गेल्या शिमग्याला गेली."

काकू तिथंच ओट्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. मावशीनं आम्हाला भात वाढला, आईच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, पण सगळं माझ्याशीच बोलली. निघताना तिनं करंडा आणला. मला कुंकू लावलं, जरा थांबली आणि काकूलाही लावलं.

परतीच्या गाडीत काकू खिडकीकडं तोंड करून बसली होती. आळेफाटा जवळ आल्यावर म्हणाली, "तुझ्या मावशीचं हात तुझ्या आईसारखंच हायेत."

पुढं भात झोडपून झाला की आम्ही दरवर्षी जायचो. तिथंच एकदा मी मावशीला काकूच्या दुधाची गोष्ट सांगितली. माझं लग्न वारूळवाडीत झालं, तरी तो नेम मोडला नाही. मग काकूला अर्धांगवायू झाला आणि ती खाटेला खिळली. ती गेली तेव्हा दहाव्याला मावशी आली. बायकांमध्ये बसून तिनं मोठ्यानं विचारलं, "आमच्या लेकराला दूध पाजनारीला तुमी काय काय बोलला?" कुणी मान वर केली नाही. काकूच्या कानावर ते पडायला हवं होतं.