पेठंच्या पांढरीवरचा दिवा

वडवणीच्या आठवडी बाजारात ही गोष्ट पहिल्यांदा छबुबाईनं काढली, तीही बांगड्या भरता भरता. समोरच्या बाईचा हात तिच्या मुठीत अडकलेला, त्यामुळं ऐकल्यावाचून सुटका नव्हती.

"कुनाला सांगू नको गं, पर चतुराबाईनं पोटुशी सून पेठंच्या पांढरीवर नेली. सून पायाळू हाय म्हनं. तिथं दिवा लावला अन् सोन्याचा हंडा काढला!"

पायांकडून जन्मलेल्या पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाजार उठेपर्यंत एका हंड्याचे दोन झाले. गोष्ट घाटनांदूरला पोचली तेव्हा त्यात सुनेचा बळीही देऊन झाला होता.

ही चतुराबाई म्हणजे बिभीषण मेंढक्याची बायको. साठीला टेकलेली, काटकुळी, तोंडाची फटकळ. नवऱ्याला "आवं" म्हणायची, पण अशा आवाजात की मेंढरंही थबकत.

आणि पेठ म्हणजे ओढ्याकाठचं पांढऱ्या मातीचं टेकाड. पैठणहून तेरकडं जाणारी बैलांची वाट एके काळी तिथून जायची, तेव्हा तिथं भरलेली बाजारपेठ होती म्हणतात. आज उकरलं तर खापरं, मणी आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघतात. सरकारी कागदात निजामाच्या काळापासून त्या गावापुढं एकच शब्द लिहिलाय, बेचिराख. जिथं दिवा लागत नाही असं गाव. धाब्याच्या घरावर टाकायला तिथली माती लोक बिनदिक्कत नेतात, पण उजेडी. दिवेलागणीला तिथं जो थांबेल, दिवा लावील, त्याच्या घरचा वंशाचा दिवा विझतो, अशी सगळ्या शिवाराची पक्की समजूत. चतुराबाईचीसुद्धा. जन्मभर तिनं मेंढरं तिथं चारली, पण सावल्या लांबल्या की खाली उतरली.

त्या साली जून-जुलै कोरडे गेले. मेंढरं काटे चघळत होती. मग भादव्यात आभाळ असं फाटलं की तीन दिवस उघडीप नाही. मेंढरं तेव्हा रामकिसन पाटलाच्या ओढ्याकाठच्या रानात बसवलेली होती. खतासाठी शेतकरी बसवून घेतात तशी. सोबत मुलगा लखन, आणि त्याची बायको ऋतुजा, आठवा महिना लागलेली. याआधी दोनदा तिचं पोट गळालं होतं. दोन्ही वेळा जे हाती आलं ते चतुराबाईनंच पदराखाली झाकून नेऊन पुरलं होतं.

दिवस कलताना लखनचा फोन वाजला. वरच्या वाडीचा बजरंग ओरडत होता, "तळ्याच्या भिंतीला चीर पडली बे! निघा तिथनं!"

गावाकडं जायला पूल, आणि पूल सकाळीच पाण्याखाली गेलेला. ओढ्याच्या या अंगाला उंच जागा एकच.

"पेठंवर चला," चतुराबाई म्हणाली.

बिभीषणानं डोक्यावरची घोंगडी मागं सारली. "येडी झालीस का? दिवेलागण व्हत आली. सून हाय संगं."

"सून हाय म्हनूनच."

रामकिसन आपल्या पत्र्याच्या शेडातून बाहेर आला. पुढच्या खेपेला सरपंचकीला उभा राहायचा म्हणून तो अलीकडं सगळ्यांशी गोड बोलत असे. "वहिनी, शेडात बसा की. जोतं उंच हाय. आन् तळं कावून फुटंल? बहात्तरच्या दुष्काळात माज्या बापानं खडी फोडलीय तिथं."

"दुष्काळासाठी बांधलं ना पाटील? मग पावसाला कुनी इचारलं व्हतं?"

रामकिसन हसला आणि आत गेला. लखन एकदा आईकडं, एकदा बापाकडं बघत होता. ऋतुजानं सासूचं मनगट धरलं.

"आत्या, तिथं गेल्यावर हे बी गेलं तर?"

चतुराबाईनं तिच्या पोटावर हात ठेवला. पण तिला पेठंवरची बारव आठवत होती. लहानपणी कोकरू पडलं म्हणून ती आत उतरली होती. पायऱ्या संपतात तिथं तळाला एक खड्डा खणलेला. त्या खड्ड्यात आणखी एक. त्याच्या आत तिसरा, इतका अरुंद की माणूस उतरला तर खांदे सोलावेत. तिचा बाप वरून म्हणाला होता, पाऊस रुसला, पोरी. हे लोक पाण्यामागं खाली खाली गेले. मग बैलांचे तांडे दुसऱ्या वाटेनं वळले, त्यांच्यामागं सोनार गेला, तेली गेला, शेवटी पुजारी देव उचलून गेला.

"मी बारवंत उतरलेय बाई," ती म्हणाली. "तहानेनं उठलेलं गाव हाय ते. पानी तिथवर चढत असतं तर लोक गेले कशाला असते?"

"अन् शाप?"

"शाप येईल तवा बघू. पानी आत्ता येतंय."

लखननं ऋतुजाला तट्टावर बसवलं. काळ्या चिखलात तट्टाचे पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. मेंढरं टेकाडाच्या पायथ्याशी अडली, एकमेकांत डोकी खुपसून गोळा झाली. चतुराबाईनं म्होरकी मेंढी कानाला धरून ओढली, शिव्या हासडल्या, तिच्या सात पिढ्या काढल्या. अचानक चिखलाखाली दगड लागले. जुन्या बैलवाटेचे असावेत. तट्टाला पाय रोवता आला, म्होरकी चढली आणि तिच्यामागं कळप. बिभीषण तोंडानं देवाचं नाव घेत आणि मनात बायकोचा उद्धार करत मागची मेंढरं हाकत होता.

तेवढ्यात आवाज आला. पत्रे फरफटत आणावेत तसा.

लाल पाणी रानात शिरलं तेव्हा शेवटची काही मेंढरं अजून खालीच होती. ती गेली. बिभीषण कमरेइतक्या पाण्यातून चार पायांवर वर आला आणि बायकोकडं न बघता बसला.

मग शेडाकडून हाक आली. रामकिसन पत्र्यावर चढला होता आणि पत्रा हलत होता.

"पाटील, उडी घ्या! हिकडं या!" लखन ओरडला.

"कुनीकडं? काय बी दिसंना रे!"

अंधारून आलं होतं, पावसाचा पडदा लागला होता. लखननं खिशातला मोबाईल काढला आणि त्याचा हात थांबला.

"आई, हितं दिवा?"

चतुराबाईला ‘लाव’ म्हणायचं होतं. पण पदराखाली नेलेली ती दोन गाठोडी तिच्या डोळ्यांपुढं आली आणि तिनं मान वळवली. खालून पत्रा करकरला.

ऋतुजा तट्टावरून उतरली. तिनं नवऱ्याच्या हातातला मोबाईल घेतला, बॅटरी लावली आणि हात उंच धरला. दुसरा हात पोटावर.

रामकिसननं पाण्याचा रिकामा ड्रम कवटाळून उडी घेतली. उजेडाच्या रोखानं पाय मारत तो टेकाडाच्या कडेला आला, पण धार त्याला खेचू लागली. बिभीषणानं मेंढरं कोंडायची जाळी त्याच्या अंगावर फेकली. तिघांनी मिळून त्याला मासा ओढावा तसा वर ओढला. त्याच्यामागं शेड गेलं.

उजाडेपर्यंत रामकिसन चतुराबाईच्या घोंगडीत कुडकुडत बसला होता. पाणी उतरल्यावर त्यानं हात जोडले. "वहिनी, मी हितं व्हतो ते कुटं बोलू नका. बेचिराखात रात काढलेल्या मानसाला कोन मत देतंय?"

"न्हाई बोलत," चतुराबाई म्हणाली, आणि बोलली नाही. ओढ्यापलीकडच्या लोकांना त्या सांजेला फक्त उजेड दिसला होता. शिवारातली कैक मेंढरं वाहून गेली आणि चतुराबाईचा कळप बहुतेक सगळा शाबूत उतरला, तेव्हा छबुबाईला आणखी काय हवं होतं? रामकिसननंही तिला कधी अडवलं नाही. मान हलवून ऐकत राहिला.

महिनाभरानं ऋतुजाला दवाखान्यात मुलगी झाली. दोघी धडधाकट आहेत. लोकांना दिसलेला दिवा लखनच्या मोबाईलची बॅटरी होती. ती ऋतुजानं लावली, रामकिसनला दिशा कळावी म्हणून. हंडा निघाला नाही, आणि ऋतुजा पायाळू नाही.