सामंतकाकांनी रद्द केलेली निवडणूक

शुक्रवारी सकाळी पोळ्या लाटत होते, तेव्हा साताऱ्याहून नलिनीकाकूंचा फोन आला. "अगं, आमचे हे गेले..." एवढंच त्या बोलल्या आणि मग मलाच विचारत राहिल्या, माझ्या लेकीची, अनुजाची, परीक्षा झाली का, दुबईत उकाडा फार आहे का. सामंतकाकांच्या घरची रीतच तशी, दुःखातही समोरच्याची चौकशी आधी. त्याला आता महिना होत आला. आमच्या मराठी मंडळींत काकांबद्दल पुष्कळ बोलून झालं, पण मला सांगायचंय ते माझ्या घरातलं आहे, म्हणून ते मीच लिहायला हवं.

निवृत्त होऊन गावी परतण्यापूर्वी काका इथे दुबईतच, रास अल खोर भागातल्या एका स्पेअर पार्ट्सच्या गोदामाचे मॅनेजर होते. दिवसभर क्लच प्लेट आणि बेअरिंग, आणि उरलेल्या वेळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष... तेही हल्लीचे नव्हेत. आखाती युद्धाचा विषय निघाला की बाकीचे पुरुष हमरीतुमरीवर यायचे आणि काका शंभर वर्षं मागे जाऊन बसायचे. स्पेनशी लढाई जिंकून अमेरिकेने फिलिपिन्सची बेटं घेतली, तिथल्या लोकांनी आधीच स्वातंत्र्य जाहीर केलेलं असताना घेतली, आणि मग एकोणीसशे सालच्या निवडणुकीत बेटं ठेवायची की सोडायची यावर तिकडे रान उठलं. ठेवणारे जिंकले. पुढच्याच वर्षी त्या राष्ट्राध्यक्षांवर गोळी झाडली गेली आणि त्याच युद्धात नाव कमावलेला त्यांचा तरुण उपाध्यक्ष खुर्चीवर बसला. काका हे सगळं कालच आपल्या बिल्डिंगमध्ये घडल्यासारखं सांगायचे. "यांना आमच्या लग्नाची तारीख आठवत नाही," काकू म्हणायच्या, "पण कुठल्या राज्यात कोण पडला ते तोंडपाठ."

त्या वर्षांत माझ्या जिवाला एकच घोर होता. मी आणि माझे यजमान दोघंही नोकरीला, त्यामुळे अनुजाला फिलिपिन्सची मारिसेल सांभाळायची. जीव लावून सांभाळायची. आणि माझी दहा वर्षांची मुलगी सोफ्यावरून मान न वळवता तिला हुकूम सोडायची. मी रागावले, समजावलं, लाडीगोडी केली. उत्तर एकच, "बट आई, शी इज अवर मेड." आजूबाजूची मुलंही तशीच बोलत होती. गणित कच्चं असतं तर शिकवणी लावली असती. माणसांशी कसं वागावं याची शिकवणी कुठे शोधायची? माझी मुलगी वाया चाललीय, ही भीती मी शेवटी काकांपाशी बोलून दाखवली. ते हसले नाहीत. म्हणाले, "गुरुवारी पोरांची निवडणूक ठेवलीय. तिला आण. आणि मारिसेललाही आण, तिच्या देशाची गोष्ट आहे."

तेव्हा इथे शुक्रवारची सुट्टी, म्हणून गुरुवारी अर्धा दिवस. गोदाम बंद झाल्यावर वरच्या ऑफिसात मुलं जमली, आम्ही आईबापही. सन एकोणीसशे, बेटं ठेवायची की सोडायची! अनुजा राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने बोलली आणि झकास बोलली. आपण त्यांना शाळा देऊ, रस्ते देऊ, "दे डोन्ट नो हाऊ टू रन इट यट." टाळ्या पडल्या. मग चिठ्ठ्या. आम्हाला इथे मत नाही आणि मतदानासाठी भारतात जायला रजा नाही, त्यामुळे मोठ्यांनीही हौसेने मतं टाकली. मतपेटी म्हणजे ब्रेक पॅडचं रिकामं खोकं, आणि ते हातात धरून मारिसेल सगळ्यांपुढून फिरत होती. मोजणी झाली. बेटं अमेरिकेकडेच राहिली, भरघोस मतांनी. काका निकाल सांगायला उभे राहिले, त्यांची नजर खोक्याकडे गेली, मग खोकं धरलेल्या हातांकडे. चष्मा काढला. तिच्यापुढे जाऊन हात जोडले.

"मारिसेल, आय फरगॉट यू. इट वॉज युवर मॅटर, अँड आय फरगॉट यू. आय ॲम सॉरी."

ती बिचारी लाजून चूर. "नो नो सर, ओन्ली गेम."

"खलास," काका मुलांकडे वळून म्हणाले, "ही निवडणूक रद्द. तेव्हाही हेच झालं होतं. ज्यांची बेटं, त्यांच्यातल्या एकालाही मत नव्हतं." आणि सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी फाडून टाकल्या.

घरी आल्यावर अनुजा स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी उभी राहून तिने मारिसेलला इंग्रजीत विचारलं, "तू कुणाला मत दिलं असतंस?" मारिसेलने दोन गोष्टी सांगितल्या. तिचे पणजोबा त्या लढाईतून परतले नव्हते आणि तिची आजी अमेरिकनांच्याच शाळेत इंग्रजी शिकली होती. दोन्ही खरं. अनुजा ऐकत राहिली. त्यानंतर पोर एकदम गुणाची झाली असं नाही, आळस होता तसाच राहिला. पण हुकूम थांबले ते थांबलेच.

हे सगळं काकांनी ठरवून केलं असणार, असं मला फार दिवस वाटत होतं. एकदा विचारलंच. "नाही गं," ते म्हणाले. "ठरवून केलं असतं तर बरं झालं असतं. तिला मुद्दाम बोलावली, आणि खोकं धरायला लावली. इतकी वर्षं तेच वाचतोय आणि खरंच विसरलो." स्वतःची चूक चारचौघांत, तिथल्या तिथे कबूल करणारा मोठा माणूस माझ्या मुलीला वेळेवर भेटला. काका, या उपकारांची फेड माझ्याकडून होणार नाही, आणि मला ती करायचीही नाही.

गेल्या आठवड्यात त्यांची शोकसभा झाली. बोलणाऱ्यांची नावं ठरली, तेव्हा सुट्टीत घरी आलेल्या अनुजाने विचारलं, "मारिसेलला विचारलंत?" कुणीच विचारलं नव्हतं. आता ती एका दवाखान्यात रिसेप्शनला असते. ड्यूटी बदलून आली आणि इथेच शिकलेल्या हिंदीत एवढंच बोलली, "सर ने सबके सामने सॉरी बोला. इतना बड़ा साब... मेरे को किसी ने कभी नहीं बोला था."

सूत्रसंचालन अनुजाकडे होतं. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याआधी तिने मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं, "अजून कुणाला बोलायचंय?" एरवी हा प्रश्न विचारायचा म्हणून विचारतात. ती मात्र थांबून राहिली. लोक घड्याळं बघू लागले, तरी थांबली. शेवटी मागच्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या हॉलच्या माणसाने ट्रे खाली ठेवला आणि हात वर केला.