उसना दिलेला पदवीधर

आमच्या घरी एकच बैल होता आणि एकच पदवीधर. दोघांपैकी कामाचा बैल. पण एका बैलानं डवरणी, म्हणजे उभ्या पिकातली कोळपणी, होत नाही. म्हणून दरवर्षी शेजारच्या गावचे गुलाबकाका त्यांचा बैल आम्हाला उसना देत, मग जोडी त्यांच्या वावरात जाई.

मी (बी.ए., घराण्यात पहिलाच! कोणी विचारलं नाही तरी सांगतो) गावच्या फुटबॉल टीमचा कायमचा राखीव खेळाडू. मैदानात उतरलो ते फक्त पाणी वाटायला. एकदा तरी खेळायचंच, एवढी एकच इच्छा होती. आधार होता जर्मनीतल्या एका एकोणीस वर्षांच्या पोराचा. मोठ्या क्लबनं त्यालाही घेऊन बाकावरच बसवलं होतं.

एक दिवस जेवताना मी जाहीर केलं, "बाबा, त्याच्या क्लबनं त्याले लहान क्लबले उसना देल्ला!"

बाबांचा घास थांबला. "पोट्टा? उसना?"

"हो. वर्षभर तिकडं खेळीन, मंग वापस."

"खानं-पेनं कोनाकडं?"

"त्यायच्याकडं."

"मंग बरोबर हाय."

माय म्हणाली, "इथं बसून खाते, त्याच्यापेक्षा तिकडं जाऊन खाल्लेलं बरं!" (ती जर्मन पोराबद्दलच बोलत होती, असं मी अजूनही मानतो.)

पोरगा तिकडं गोलावर गोल करू लागला. "उसना गेला म्हनून चमकला!" मी गावभर सांगत सुटलो. तेच नडलं.

मग राजूरला फुटबॉल कपची फायनल आली. आमचं गाव विरुद्ध गुलाबकाकांचं गाव! सकाळीच काका अंगणात हजर. "दादा, आमचा एक पोट्टा तापानं पडला. टीम भरून नाही राह्यली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बैल सोडताना पाहतात तसंच. "याले घेऊन जाय. दरसाल तुहा बैल येते, औंदा आमचा हा जाऊ दे."

"बाबा, समोर आपलंच गाव हाय!"

"मंग? तो जर्मन पोट्टा काय नातेवाईक पाहून खेळते?"

आमच्या कॅप्टननं तर क्षणात परवानगी दिली. "जाय ना बे, खुशाल जाय!" (संशय तिथंच यायला हवा होता.)

काकांच्या गावची हिरवी जर्सी चढवून मी आयुष्यात पहिल्यांदा खेळायला उतरलो. पहिला अर्धा डाव चेंडूच्या मागं नुसता पळालो. मध्यंतरात सवयीनं दोन्ही टीमना पाणी वाटलं, आणि त्या गडबडीत मैदानाच्या बाजू बदलल्याचं डोक्यातून साफ गेलं! शून्य-शून्य. शेवटची मिनिटं. चेंडू थेट माझ्या पायाशी, समोर गोल. गोलकीपर तर बिचारा विश्वासानं बाजूला उभा!

"हाण, लेका!" बाहेरून बाबा ओरडले. कोणत्या बाजूला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

हाणला. जाळं हललं. मी हात पसरून पळत सुटलो. मिठी मारायला मात्र एकही हिरवी जर्सी आली नाही. नाचत होतं ते आमचं गाव!

गुलाबकाका बाबांना एवढंच म्हणाले, "दादा, पुढच्या साली बैलच पाठवजो."

कप आमच्या गावानं जिंकला. गावासाठी मी केलेला तो एकमेव गोल. आणि तो करायला मला आधी गावच्या टीममधून बाहेर जावं लागलं.